मस्त आणि सावधान

जालन्यातला मस्तगड हा सह्याद्रीतल्या गडांसारखा गड नव्हे. त्याला कडा नाही, चढण नाही, पावसाळ्यात त्याच्याभोवती ढग उतरत नाहीत. कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज असलेला हा सपाटीवरचा चौकोनी बालेकिल्ला. आत दालने आणि सज्जे असलेली एक मोठी विहीर आणि बांधकामाची साक्ष देणारा एक फारसी शिलालेख. पहिला निजाम आसफजाह याच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली जालन्याचा किल्ला बांधला, त्याचा हा भाग. पुढे येथे नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. आज मस्तगड हे नाव जालनेकरांच्या तोंडी किल्ल्यापेक्षा वस्तीचा पत्ता म्हणूनच अधिक येते.

प्रस्तुत लेखात आम्हाला किल्ल्याविषयी फार सांगायचे नाही. सांगायचे आहे ते त्याच्या नावातील पहिल्या शब्दाच्या निमित्ताने. 'मस्त' हा शब्द मराठीत आता इतका स्वस्त झाला आहे की भजी आणि हवा, दोहोंनाही तो चालतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ धुंद, बेभान. माजावर आलेला हत्ती तो मस्त हत्ती. अठराव्या शतकातल्या एखाद्या सरदाराला हाच अर्थ जवळचा वाटला असेल. पण त्याच फारसीत सूफी कवींनी हा शब्द ईश्वरप्रेमात देहभान हरपलेल्या माणसासाठी राखून ठेवला होता. मस्त म्हणजे ज्याला स्वतःची शुद्ध नाही, आणि म्हणूनच ज्याला दुसरी एक शुद्ध आली आहे असा.

याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब नावाचे गाव आहे. तेथला एक मुलगा एका शब्दाने घराबाहेर पडला आणि पुढे रामदास झाला. तो शब्द 'सावधान'. मस्त आणि सावधान हे दोन शब्द परस्परांच्या अगदी विरुद्ध टोकांना उभे आहेत. तरीही या दोन्ही शब्दांतून याच भूमीत मोठी कविता जन्मली. कवीच्या सर्जनशील जीवनाचा स्रोत अध्यात्मात असतो असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो, हे या दोन शब्दांच्या आधाराने तपासून पाहावे, असा आमचा विचार आहे.

हे तपासणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण 'अध्यात्म हा या कवीच्या प्रतिभेचा स्रोत आहे' हे वाक्य काव्यसंग्रहांच्या प्रस्तावनांतून इतक्या वेळा येते की ते वाचणाऱ्याच्या मनात काहीच उमटत नाही. बहुधा त्याचा अर्थ एवढाच असतो की कवितांत देव, आत्मा, शून्य, प्रकाश हे शब्द पुष्कळ आहेत. म्हणजे विषय आणि स्रोत यांची गल्लत केलेली असते. विषय कागदावर दिसतो. स्रोत मात्र कवीच्या आयुष्यात शोधावा लागतो. तो शोधताना आम्ही तीन साधे प्रश्न विचारतो. कविता सुरू कशी झाली? तिच्यासाठी कवीच्या दिवसाचे, देहाचे, संसाराचे काय झाले? आणि ती थांबली असेल, तर कशाने थांबली?

प्रथम जांबेचा मुलगा घेऊ. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचा धाकटा मुलगा नारायण १६०८ साली रामनवमीच्या दिवशी जन्मला. घरात सूर्योपासना आणि रामोपासना. वडील लवकर गेले. १६२० साली, बाराव्या वर्षी, लग्नाच्या बोहोल्यावर अंतरपाटापलीकडे उभा असताना भटजींनी 'सावधान' म्हटले आणि मुलगा मांडवातून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. ती सांगणारी चरित्रे आणि बखरी रामदासांच्या नंतरच्या आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण त्यानंतरच्या बारा वर्षांविषयी परंपरेत एकवाक्यता आहे. नाशिकजवळ टाकळीला नदीच्या पाण्यात उभे राहून रामनामाचा जप, दुपारी पंचवटीत माधुकरी, उरलेल्या वेळात ग्रंथांचे वाचन आणि लेखन. त्या काळात त्यांनी स्वहस्ते उतरलेली मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे.

ही प्रत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तरुण वयात, स्वतःचे काही लिहिण्याच्या ऐन उमेदीत, हा मुलगा दुसऱ्याचे महाकाव्य अक्षर अक्षर उतरून काढतो. ही साधना आहे आणि हेच त्याच्या लेखणीचे शिक्षणही आहे. पुढे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी रामदास एक संपूर्ण समास लेखनक्रियेला देतात. अक्षराला गोलाई कशी हवी, ओळींतले अंतर सारखे कसे राखावे, पानाच्या कडा किती सोडाव्यात, लेखणी आणि शाई कशी सिद्ध करावी, हे सारे तेथे येते. ब्रह्माचे निरूपण करणाऱ्या ग्रंथात बोरूची आणि शाईची चौकशी कशाला, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो. त्याचे उत्तर 'सावधान' या शब्दात आहे. रामदासांचे अध्यात्म म्हणजे अखंड लक्ष. ज्याचे लक्ष मंत्रावर टिकले, त्याचे ते अक्षराच्या वळणावरही टिकते. वीस दशक, दोनशे समास आणि सुमारे पावणेआठ हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहतो तो या लक्षाच्या बळावर.

विषय आणि स्रोत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे रामदासांइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल. करुणाष्टकांत त्यांनी रामाला आळवले आहे, मनाच्या २०५ श्लोकांत मनाला समजावले आहे; हे विषयाने आध्यात्मिक झाले. पण त्यांनी बाग प्रकरण लिहिले, त्यात झाडांची नावे आहेत. कारखाने प्रकरण लिहिले, त्यात बांधकामाची व्यवहारी माहिती आहे. विषय पाहिला तर हे निखळ प्रापंचिक लेखन. तरी ते त्याच झऱ्याचे पाणी आहे, कारण झाडांची नावे मोजणारी नजर टाकळीच्या पाण्यात घडलेली आहे.

आता दुसरा मुलगा. यासाठी जांबेहून उत्तरेला आणि रामदासांच्या काळातून शंभर वर्षे पुढे यावे लागेल, म्हणजे मस्तगडाच्या काळात. १७२४ साली आसफजाहने साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खन दिल्लीच्या हातून कायमची निसटली. विजयाच्या आठवणीसाठी साखरखेर्ड्याला फत्तेखेर्डा असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी जालन्याचा किल्ला उभा राहिला. याच सुमारास औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) सय्यद सिराजुद्दीन नावाचा एक मुलगा घरातून नाहीसा होऊ लागला होता. त्याचा जन्म १७१२च्या सुमाराचा, म्हणजे तोही बारा-तेरा वर्षांचाच.

हाच पुढे सिराज औरंगाबादी या नावाने उर्दू कवितेतला एक थोर कवी ठरला. त्या वयात त्याला एक विलक्षण अवस्था प्राप्त झाली. भान हरपलेल्या स्थितीत तो खुलदाबादची वाट धरी आणि शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात भटकत राही. बुऱ्हानुद्दीन हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. १३३७ साली ते वारले आणि त्यांच्या कबरीमुळे खुलदाबाद हे दख्खनच्या सूफींचे मोठे तीर्थ झाले. ही अवस्था सुमारे सात वर्षे टिकली. तिच्यात सिराजच्या तोंडून फारसी शेर आपोआप बाहेर पडत. ते कोणी उतरून घेतले असते तर एक जाडजूड दिवाण झाला असता, अशा आशयाचे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे. येथे रामदासांच्या पोथीची आठवण होते. एका मुलाने दुसऱ्याचे शब्द जपून उतरून काढले. दुसऱ्याला स्वतःचे शब्दही उतरून घेण्याचे भान नव्हते.

सात वर्षांनंतर ही वावटळ शमली. सिराज शाह अब्दुल रहमान चिश्ती यांचा मुरीद झाला. आता त्याने रेख्त्यात, म्हणजे त्या काळच्या उर्दूत, गझला लिहिल्या. लिहिल्या त्याही स्वतःच्या कीर्तीसाठी नव्हे. अब्दुल रसूल खान नावाच्या गुरुबंधूच्या आग्रहाखातर. त्याच गुरुबंधूने १७३९च्या सुमारास त्याचा दिवाण सिद्ध केला. औरंगाबादच्याच वलीचा दिवाण वीसेक वर्षांपूर्वी दिल्लीला पोचून तेथल्या कवींना वेड लावून गेला होता. सिराजचे वय तेव्हा जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस. कोणताही कवी अशा वेळी दुसऱ्या दिवाणाला हात घालील. सिराजला त्याच्या मुर्शिदाने कविता सोडण्यास सांगितले आणि त्याने ती सोडली.

पुढे १७४७ साली, म्हणजे हिजरी ११६० मध्ये, 'बोस्ताने खयाल' ही त्याची मसनवी आली. तिच्यातल्या शेरांची संख्याही ११६०. त्यानंतर १७५५ साली त्याने फारसी कवींच्या दिवाणांतून वेचे काढून एक संकलन केले. १७६३-६४च्या सुमारास तो वारला. ज्याने विशीत दिवाण पुरा केला, त्याने चाळिशीत दुसऱ्यांच्या कविता निवडण्यात समाधान मानले. सिराज या शब्दाचा अर्थ दिवा. हा दिवा विझवण्यात आला असे म्हणायचे, की तो आत नेऊन ठेवण्यात आला असे म्हणायचे, हे वाचकाने ठरवावे.

आमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा येथे उपयोगी पडतो. जी कविता साधनेतून आलेली नसते, ती साधनेच्या आज्ञेने थांबत नाही. वाङ्मयीन महत्त्वाकांक्षेतून आलेली कविता आजारपणाने थांबेल, उपेक्षेने थांबेल, गुरूच्या एका शब्दाने नव्हे. सिराजची थांबली. याचा अर्थ तिचे मूळ तेथे होते. त्याची सर्वांत प्रसिद्ध गझल, जी आजही कव्वाल गातात, ती विस्मयाच्या अशा अवस्थेविषयी आहे की जिच्यात 'मी' उरत नाही आणि 'तू'ही उरत नाही. ही केवळ कल्पनेची भरारी मानणे आम्हाला अवघड जाते. हा माणूस बाराव्या वर्षी त्या अवस्थेतून गेला होता.

त्याच वेळी त्याच शहरात आणखी एक कवी होता, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अमृतराय (१६९८-१७५३) हे मूळचे साखरखेर्ड्याचे. ज्या गावच्या लढाईने निजामाला दख्खन दिली, त्याच गावाने मराठी कीर्तनाला कटाव हा प्रकार बहरास आणणारा कवी दिला. यमकांच्या लडी उलगडत, टाळमृदंगाच्या लयीत धावणारी ही रचना. तिच्यात मराठीबरोबर हिंदुस्थानी आणि संस्कृतही सहज मिसळते. गुरू मध्वमुनीश्वर आणि शिष्य अमृतराय यांच्या कीर्तनांनी, आणि सिराजच्या गझलांनी, औरंगाबादची तीच वर्षे भरलेली आहेत. मात्र आमच्या वाङ्मयेतिहासांत हे कवी वेगवेगळ्या ग्रंथांत राहतात. मराठीच्या इतिहासात सिराजचे नाव क्वचित भेटते आणि उर्दूच्या इतिहासात अमृतराय भेटत नाहीत.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. नारायण बाराव्या वर्षी घर सोडतो, सिराज बारा-तेराव्या वर्षी भान हरपतो. मग टाकळीला बारा वर्षे तप, त्यानंतर बारा वर्षे भ्रमण. बारा हा आकडा आपल्या परंपरेला फार प्रिय आहे. एकनाथही बाराव्या वर्षी पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले, असे चरित्रे सांगतात. हे सारे भाविकांनी मागाहून रचले नसेल कशावरून?

काही भाग तसा असेलही. परंतु येथे एक साक्षीदार उपलब्ध आहे, जिने स्वतःविषयी स्वतः सांगून ठेवले आहे. ती म्हणजे बहिणाबाई. तिचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. मृत्यू १७०० साली, वैजापूर तालुक्यातल्या शिवूर गावी. म्हणजे तीही याच परिसराची. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत ती कोल्हापुरातले दिवस सांगते. एका वासरावर तिचा जीव जडला होता, ते मरण पावले. तिने जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकारामांचे अभंग ऐकले होते. १६४० साली स्वप्नात तुकारामांनी तिला उपदेश केला. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तिचे लग्न झालेले होते. नवऱ्याने या वेडापायी तिला मारले, बांधून घातले, हेही ती लपवत नाही. रामदासांना मांडवातून निघून जाता आले. सिराजला खुलदाबादच्या वाटेला लागता आले. बहिणाबाईला कोठेही जाता येण्यासारखे नव्हते. तिचा झरा संसाराच्या दगडाखालीच फुटला आणि तेथूनच त्याला वाट काढावी लागली. अध्यात्माने कवीला मुक्ती मिळते असे सरसकट लिहिणाऱ्यांनी तिचे अभंग एकदा सावकाश वाचावेत. तिला मिळाले ते आधी दुःख. नंतर त्या दुःखाला आवाज मिळाला.

तेव्हा बारा हा आकडा घडीभर बाजूला ठेवू. उरते ते असे की या कवींच्या आयुष्यात कवितेच्या आधी काहीतरी घडले, आणि त्या घडण्याला त्यांनी कवितेहून मोठे मानले. हे त्यांच्या शब्दांइतकेच त्यांच्या वागण्यातून सिद्ध होते.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार मराठीत सर्वांत नेमका कोणी केला असेल, तर तो रामदासांनीच. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला तिसरा समास कवित्वकलेविषयी आहे. तेथे त्यांनी कवित्वाच्या तीन जाती सांगितल्या आहेत: धीट, पाठ आणि प्रासादिक. धीट म्हणजे धिटाईने केलेली रचना. मनात येईल ते जोर करून जुळवायचे. पाठ म्हणजे पाठांतरातून आलेली. पुष्कळ वाचायचे, तोंडपाठ करायचे, आणि तशाच ढंगाचे आपणही लिहायचे. प्रासादिक कवित्व यांहून वेगळे. ज्याला वैभवाची शिसारी आली आहे, ज्याच्या अंतरात भगवंताचे अखंड चिंतन चालू आहे, तो सहज जे बोलेल ते प्रासादिक. येथे 'सहज' हा शब्द महत्त्वाचा. रामदास प्रासादिक कवीला काव्यशास्त्राची शिकवणी लावत नाहीत. ते त्याच्या जगण्याची अट घालतात.

ही विभागणी तीनशेहून अधिक वर्षांची असली तरी आजच्या कवितेला लावून पाहिली तर बोचते. आज आध्यात्मिक म्हणून जी कविता लिहिली जाते, तिच्यातली पुष्कळशी रामदासांच्या अर्थाने 'पाठ' आहे. ज्ञानेश्वर वाचले, कबीर वाचला, रूमीचे भाषांतर वाचले, आणि त्यांची शब्दकळा हाताशी आली. तिला वाईट म्हणण्याचे कारण नाही. पण तिचा स्रोत अध्यात्मात नसून ग्रंथसंग्रहात आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

मात्र हीच विभागणी सिराजला लावली तर रामदास स्वतःच अडचणीत येतात. शृंगारिक, विनोदी, कौतुकाची अशी सारी रचना त्यांनी खालच्या पायरीवर ठेवली आहे. सिराजची गझल तर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत प्रेमाची भाषा बोलते; तिच्यात प्रियकर आहे, मद्य आहे, वेड आहे. विषयावरून न्याय केला तर ती रामदासांच्या पंक्तीला बसणार नाही. पण व्याख्येवरून न्याय केला, तर ऐहिकाचा विटाळ मानणारे, अंतरातल्या चिंतनातून सहज उमटलेले, असे कवित्व खुलदाबादच्या माळावर फिरणाऱ्या त्या मुलाच्या फारसी शेरांइतके दुसरे कोणते सांगता येईल? रामदासांची व्याख्या त्यांनी दिलेल्या यादीहून मोठी आहे, असे आम्हाला वाटते. त्यांनी यादी विषयांची दिली, व्याख्या मात्र स्रोताची केली. आम्ही व्याख्या स्वीकारतो आणि यादी त्यांच्या काळापाशी सोडतो.

मग मस्त आणि सावधान यांचे काय? हे दोन मार्ग एकमेकांना छेदतच नाहीत काय? याचे उत्तर रामदासांच्याही आधीच्या, पैठणच्या एकनाथांच्या (१५३३-१५९९) आयुष्यात आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर अधिकारी होते. त्यांनी एकनाथांना हिशेबाच्या कामाला बसवले. एकदा जमाखर्चात अगदी किरकोळ रकमेचा फरक पडला. मुलगा रात्रभर दिव्यापाशी वह्या चाळत बसला आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळ्या पिटू लागला. गुरूंनी म्हटले, एवढ्याशा चुकीसाठी इतके तादात्म्य साधते, तर हेच लक्ष परमार्थाला लाव. ही आख्यायिका आहे. पण तिच्यात दोन्ही शब्द एकत्र नांदतात. रात्रभर वह्या पाहणारा सावधान आहे. पहाटे टाळ्या पिटणारा मस्त आहे. आणि हा एकच मुलगा आहे.

जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून परंपरा चांद बोधले यांचे नाव घेते, आणि त्यांचा संबंध सूफी परंपरेशी जोडते. देवगिरीपासून खुलदाबाद काही कोसांवरच आहे. एकनाथांच्या भारुडांत फकीर बोलतो, हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रंगतो, दखनी बोली सहज येते, याचे नवल या भूगोलात वाटत नाही. त्याच एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. पुन्हा तोच हिशेब, तीच चूक शोधणे. या वेळी रकमेच्या जागी ओवी. रामदासांनी वाल्मीकी उतरला, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, सिराजने फारसी दिवाण वेचले. तिघांच्या आयुष्यात ही एक गोष्ट समान आहे: दुसऱ्याच्या शब्दांची निष्ठेने केलेली सेवा. ज्यांची कविता 'मी'पासून निघत नाही, त्यांना दुसऱ्याची कविता परकी वाटत नसावी. अध्यात्म हा स्रोत असल्याची याहून चांगली खूण आम्हाला सापडलेली नाही.

एवढे म्हटल्यावर एक मर्यादा सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. रामदासांचे थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायात 'श्रेष्ठ' म्हणतात, जांबेलाच राहिले. तेच घर, तेच आईवडील, तीच रामोपासना. त्यांनीही 'भक्तिरहस्य' आणि 'सुगमोपाय' हे ग्रंथ लिहिले. त्यांच्या साधनेत खोट नव्हती. धाकट्या भावाच्या कीर्तीने त्यांना विचलित केल्याचेही दिसत नाही. पण मराठी माणसाच्या ओठावर त्यांची ओवी नाही. झरा खरा असला तरी प्रत्येक झऱ्याची नदी होत नाही. अध्यात्म कवीला मूळ देईल, दिशा देईल, थांबण्याचे बळही देईल. भाषा मात्र त्याला स्वतःच कमवावी लागते. टाकळीच्या बारा वर्षांत जपाबरोबर लेखणीही चालत होती, हे विसरून चालणार नाही.

आता पुन्हा मस्तगडापाशी येऊ. आषाढी एकादशीला जुन्या जालन्यात आनंदीस्वामींची पालखी निघते. त्यांचे मंदिर महादजी शिंद्यांनी बांधवले असे सांगतात. गर्दीत टाळ वाजतात, आणि टाळ धरणाऱ्यांत कोणी सावधान असतो, कोणी मस्त. त्या गर्दीला या दोन शब्दांतला भेद शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती आपल्याला, म्हणजे साहित्याविषयी लिहिणाऱ्यांना. जांब, पैठण, देवगिरी, खुलदाबाद आणि शिवूर ही गावे एका परिसरातली. अडीच शतकांच्या आत तेथे एकाच प्रश्नाने पछाडलेले कवी होऊन गेले. त्यांना आपण संप्रदायानुसार, लिपीनुसार, आणि अलीकडे तर वैरानुसारही, वेगवेगळ्या खणांत ठेवले. तसे करताना त्यांना जोडणारा जो स्रोत, तोच आपल्या नजरेआड झाला. विषय वेगळे होते म्हणून आपण कवी वेगळे केले.

मस्तगडाच्या बांधकामाची नोंद दगडावर कोरली गेली आणि ती टिकली. ज्या वर्षी ते बुरूज उभे राहत होते, त्याच सुमारास येथून वीस कोसांवर एक मुलगा रात्री-अपरात्री भटकत काव्य बोलत होता. त्यातली एक ओळही कोणी लिहून घेतली नाही. कवीच्या सर्जनाचा इतिहास लिहायला बसताना, आपल्या हाती आलेल्या ओळींच्या मागे अशा न उतरलेल्या ओळींची सात वर्षे असू शकतात, एवढे भान आपण ठेवले तरी पुष्कळ झाले.